पितळी स्टोव्ह: किलोच्या भावात गेलेली गोष्ट

आजची सुरुवात एका आवाजाने करतो. इअरफोन नीट लावा.

[पंपाचा आवाज: फस्... फस्... फस्...]

ओळखला? पंचविशीच्या आतले असाल तर बहुतेक नाही. मग एक करा, घरात आज्जी असेल तर तिला ऐकवा. हातातलं काम न थांबवता ती सांगेल, "स्टोव्हला हवा मारतायत."

तर आजचा विषय पितळी स्टोव्ह. तो आला कुठून, जुना स्टोव्ह ओळखायचा कसा, जमवायचा असेल तर काय बघायचं आणि काय अजिबात करायचं नाही. शेवटी एक गोष्ट आहे. या भागाची तयारी सुरू केली तेव्हा ती मला माहीत नव्हती. ती आज्जीने सांगितली, आणि ती वगळून हा भाग करणं मला जमलं नाही.

एक अमेरिकन रील आणि सोलापूरचा घण

सुरुवात झाली एका रीलपासून. अमेरिकेतला एक माणूस जुने 'ट्रॅश कॉम्पॅक्टर' जमवतो. म्हणजे स्वयंपाकघरात ओट्याखाली बसवायचं, कचरा दाबायचं मशीन. कचरा आत टाकायचा, बटण दाबायचं, मोटरवर चालणारी लोखंडी पाटी खाली येते आणि सगळ्याचा दाबून गठ्ठा करते. १९६९ च्या सुमारास व्हर्लपूल कंपनीने घरगुती मशीन बाजारात आणलं आणि सत्तरच्या दशकात तिकडच्या घरांमध्ये ते मिरवायची वस्तू झालं. आता त्या माणसाला बघून कळतं की हे कुठल्या सालचं, रंग मूळचा आहे का, बटण बदललंय का.

मला हसू आलं. म्हटलं, आपल्याकडे असलं मशीन कोण घेणार? आपल्या आज्ज्यांच्या स्वयंपाकघरात दाबायला कचरा उरायचाच कुठे? भाजीची देठं गाईला, राख भांडी घासायला, दुधाची पिशवी धुऊन वाळवून रद्दीवाल्याला, जुन्या साड्या बोहारणीला. आणि फुटकं पितळ-तांबं मोडीत. मोड म्हणजे जुनं भांडं वजनावर द्यायचं आणि तेवढे पैसे वजा करून नवं घ्यायचं.

हे डोक्यात असतानाच एका शनिवारी आमच्या नवी पेठेतून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका भंगारच्या दुकानासमोर थांबलो. आत एक माणूस घणाने पितळ चेपत होता. तांब्या, समई, घंगाळ्याचा काठ. चेपलं की पोत्यात जास्त मावतं. म्हणजे ट्रॅश कॉम्पॅक्टर आपल्याकडेही होता. फक्त तो घराबाहेर होता, आणि त्यात कचरा नाही, आज्जीचं स्वयंपाकघर जात होतं.

ढिगात एक स्टोव्ह होता. गोल टाकी, बाजूला पंप, वर तीन पाय. एक पाय वाकलेला. मी म्हटलं, हा द्या.

"कशाला पायजे ओ तुमाला? पेटत नाय की हा."

"पेटवायचा नाही. ठेवायचाय."

त्याने काट्यावर टाकला, पितळेच्या मोडीचा भाव लावला आणि वर शंभर रुपये मागितले. चेपायचं सोडून दिलं त्याचे. मी दिले.

घरी आणून बूड पुसलं तर काळ्या थराखालून अक्षरं निघाली. प्रायमस. स्टॉकहोम. आणि बाजूला एकच सुटं इंग्रजी अक्षर. सोलापूरच्या भंगारात स्वीडनची राजधानी! मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. एखाद्या फाइलमध्ये अर्थ न लागणारं एक अक्षर दिसलं तर मला झोप येत नाही. तसंच झालं.

स्टॉकहोमहून नवी पेठेपर्यंत

फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट नावाचा स्टॉकहोममधला एक कारागीर. १८९२ साली त्याने काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला. विक्रीची जबाबदारी बी. ए. योर्थ या व्यापाऱ्याच्या कंपनीने घेतली. म्हणून जुन्या प्रायमसवर या कंपनीचं नावही दिसतं.

त्यात नवीन काय होतं? आपली चिमणी आठवा, लाइट गेल्यावर लावायची ती. रॉकेल वातीवर जळतं, ज्योत पिवळी आणि वर काळा धूर. कारण रॉकेल पूर्ण जळत नाही. लिंडक्विस्टच्या स्टोव्हमध्ये वातच नाही. पंपाने टाकीत हवा दाबायची. त्या दाबाने रॉकेल नळीतून वर चढतं. वरचा बर्नर आधीच तापलेला असतो, त्यातून जाताना रॉकेलची वाफ होते. ती वाफ सुईच्या टोकाएवढ्या भोकातून जोरात बाहेर पडते, हवेत मिसळते आणि निळी जळते. तो घूं घूं आवाज त्या वाफेचा.

आता प्रश्न असा की पहिल्यांदा बर्नर तापवायचा कशाने? त्यासाठी आपल्याकडे काकडा असायचा. तारेच्या चिमट्याला गुंडाळलेली चिंधी किंवा तशीच काहीतरी पट्टी. ती स्पिरिटमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवायची, बर्नरच्या मानेला अडकवायची, पेटवायची. तो विझत आला की पंप. घाई केली, बर्नर पुरता तापायच्या आत पंप मारला, तर वाफेऐवजी पातळ रॉकेलच वर उडतं आणि पिवळा भडका होतो. हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याकडे परत येणार आहोत.

हा स्टोव्ह जगभर फिरला. अमुंडसेनने तो दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर नेला. १९५३ साली तेनसिंग आणि हिलरीच्या एव्हरेस्ट मोहिमेतही प्रायमस होता. बर्फ वितळवून पाणी करायला दुसरं काय नेणार? पण मला विचाराल तर त्याची खरी मोहीम आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांमध्ये झाली.

सोलापूरचंच घ्या. जुनी गिरणी १८७७ ची. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गाव भोंग्यावर चालायला लागलं. पहिली पाळी पहाटे, शेवटची मध्यरात्रीपर्यंत. आज्जी सांगते, चुलीला पहाटे पेट घ्यायला वेळ लागायचा, पावसाळ्यात लाकूड ओलं, धुराने डोळे लाल, आणि तेवढ्यात भोंगा. स्टोव्हवर चहा आणि कालचं कालवण गरम होऊन माणूस बाहेर पडायचा. भाकरी मात्र चुलीवरच. ज्या घरात दोन्ही होतं, ते घर जरा बरं चाललंय असं समजायचे.

प्रायमसच्या मागोमाग स्वीडनचेच ऑप्टिमस, रेडियस, स्वेआ असे स्टोव्ह आले. मग आपल्या देशात बनायला लागले. पण 'प्रायमस' हा शब्द इतका रुळला होता की देशी स्टोव्हलाही लोक प्रायमसच म्हणायचे.

एका रॉकेलच्या डब्यासाठी

स्टोव्ह घरात आला म्हणजे घर रॉकेलवर अवलंबून झालं. आणि रॉकेल म्हणजे रेशन, कार्ड, रांग, कॅन.

१९७२ चा दुष्काळ तुम्ही शाळेत वाचलाय. त्याच वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर ही त्यातली मोठी नावं. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. मागण्या काय होत्या? धान्य, साखर, तेल आणि रॉकेल. १९७३ साली जगात तेलाच्या किमती भडकल्यावर तर रॉकेलचा प्रश्न आणखी बिकट झाला. आपण इतिहासात तेल संकट म्हटलं की अरब देश आणि अमेरिका आठवतो. पण ते संकट आपल्या स्वयंपाकघरात पाच लिटरच्या कॅनमध्ये मोजलं जात होतं.

गॅस तोपर्यंत आला नव्हता का? आला होता. बर्मा शेलने १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली. इंडेन १९६५ ला आला. पण कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे लोक. त्यामुळे ऐंशीच्या दशकापर्यंत, आणि बऱ्याच घरांत त्यानंतरही, पितळी स्टोव्ह जागचा हलला नाही. त्याच्या जोडीला वातीचा स्टोव्ह होता. इंडियन ऑइलच्या संशोधन केंद्राने कमी रॉकेल खाणारा 'नूतन' काढला, तो तुमच्या आईला नक्की आठवत असेल.

मग गॅस घरोघरी झाला आणि पितळी स्टोव्ह आधी माळ्यावर गेला, मग मोडीत. आमच्या आज्जीचा स्वतःचा स्टोव्ह असाच गेला. त्या बदल्यात स्टीलचं पिंप आलं. पिंप अजून आहे.

ओळखायचा कसा?

आता कामाचं. भंगारात, जुन्या बाजारात किंवा मामाच्या माळ्यावर स्टोव्ह सापडला तर काय बघायचं?

पहिलं, लोहचुंबक. खिशात छोटा ठेवा. पितळेला चुंबक चिकटत नाही. टाकीला चिकटला तर खाली लोखंड आहे आणि वर नुसता पिवळा मुलामा. पाय आणि वरची कडी मात्र बहुतेक वेळा लोखंडाचीच असते, त्यावरून घाबरू नका.

दुसरं, अक्षरं. टाकीच्या वरच्या अंगावर आणि बुडाला बघा. तिरकस उजेडात मोबाइलचा टॉर्च धरला की झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. प्रायमस कंपनीने १९११ पासून स्टोव्हवर सालाचं अक्षर ठोकायला सुरुवात केली. १९११ ला ए, १९१२ ला बी, असं पुढे. म्हणजे मला सतावणारं ते सुटं अक्षर म्हणजे चक्क जन्मसाल होतं. माझ्या स्टोव्हवर आहे डी. १९१४. पहिलं महायुद्ध सुरू झालं ते वर्ष! कोणत्या बोटीने तो आला, किती घरं फिरला, कोण जाणे.

तिसरं, माप. टाकीवर पाइंट लिहिलं असेल तर स्टोव्ह बहुधा परदेशी किंवा जुना. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ ला झाला आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत शेर, पाइंट जाऊन लिटर आलं. त्यामुळे देशी स्टोव्हवर लिटर दिसलं तर तो साधारण १९६० च्या अलीकडचा.

चौथं, आयएसआयचा शिक्का. हे शिक्के १९५५ नंतर द्यायला सुरुवात झाली. शिक्का आहे म्हणजे स्टोव्ह त्याआधीचा असूच शकत नाही. शिक्का नाही म्हणून तो जुनाच, असं मात्र उलट धरू नका. बिनशिक्क्याचे स्वस्त स्टोव्ह पुढेही ढिगाने विकले गेले.

पाचवं, भाग. टाकी १९१४ ची असेल, पण बर्नर १९७० चा असू शकतो. पंपातला चामड्याचा वायसर तर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचाच. गावात स्टोव्ह दुरुस्तीवाले होते, बर्नर बदलून द्यायचे, टाकीला डाग लावायचे. काही संग्राहक अशा स्टोव्हला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. डाग लावलेला स्टोव्ह म्हणजे कोणीतरी तो टाकून न देता वापरला. तो डागसुद्धा इतिहासच आहे. फक्त विकत घेताना 'सगळा मूळचा' म्हणून पैसे देऊ नका.

सहावं, आणि माझ्या आवडीचं: कोरलेलं नाव. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत आहे ना? दुकानदार त्या कर्कश मशीनने ठिपक्या-ठिपक्यांनी लिहून देतो. कोणाकडून आहेर, कोणाच्या स्मरणार्थ, तारीख. स्टोव्हवरही कधी कधी असं नाव सापडतं. कंपनीचा शिक्का सांगतो स्टोव्ह कुठे बनला, आणि हे ठिपके सांगतात तो कोणाचा होता. आमच्या भाषेत मेटाडेटा. भंगारवाल्याच्या काट्यावर त्याचं वजन शून्य.

जपायचा कसा?

घासू नका! म्हणजे धूळ पुसा, सौम्य साबण लावा, कोरडा करा. पण चिंच किंवा पावडर लावून दर रविवारी आरशासारखा चमकवला तर दोन-चार वर्षांत अक्षरं पुसट होतील. मग उरेल नुसतं पितळ.

दुसरं, अमोनिया असलेलं क्लीनर तर लांबच ठेवा. यामागे एक भारी गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. कोणी हात लावला नाही, आपटलं नाही, तरी तडा. इंग्रजीत त्याला 'सीझन क्रॅकिंग' नावच पडलं, सीझन म्हणजे आपला पावसाळा. अखेर १९२१ मध्ये कारण स्पष्ट झालं. काडतुसं ठेवली जायची घोड्यांच्या पागेजवळ. घोड्यांच्या मुतातून अमोनिया, वर दमट हवा, आणि पितळ घडवताना त्यात राहिलेला ताण. तिन्ही जमलं की पितळ फाटतं. स्टोव्हची टाकीसुद्धा पत्रा दाबून घडवलेली असते. त्यामुळे संडास-बाथरूमजवळच्या ओलसर माळ्यावर किंवा गोठ्याशेजारी ती ठेवू नका.

तिसरं, पेटवू नका. प्लीज. रीलसाठी तर नाहीच. शंभर वर्षांच्या टाकीत तुम्ही दाब भरताय, आत तडा आहे की नाही ते दिसत नाही. जुन्या काकड्याच्या पट्टीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तो कुस्करू नका, फुंकू नका. सुरुवातीला जो आवाज ऐकवला, तो रिकाम्या टाकीच्या पंपाचा होता, हवेची किल्ली उघडी ठेवून काढलेला.

कोणी म्हणेल, एवढं करून काय मिळणार? पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. दिनकर केळकर १८९६ ते १९९०. लहान वयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभं केलं. त्यात राजे-महाराजांच्या तलवारींपेक्षा आपल्या घरातल्या वस्तू जास्त लक्षात राहतात: दिवे, अडकित्ते, स्वयंपाकाची भांडी. अहमदाबादेत सुरेंद्र पटेल यांनी १९८१ मध्ये 'विचार' नावाचं फक्त भांड्यांचं संग्रहालय सुरू केलं. ही माणसं मोडीच्या काट्याच्या आधी पोचली. आपणही एखाद्या स्टोव्हपुरते पोचू शकतो.

आज्जी म्हणाली, तो तिथून काढ

आता ती गोष्ट.

स्टोव्ह स्वच्छ करून मी हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला. छान दिसत होता. आज्जी दुपारची झोप काढून बाहेर आली, बघितलं आणि म्हणाली, "तो तिथून काढ."

मला वाटलं, भंगारातलं आणलं म्हणून. म्हटलं, "अगं १९१४ चा आहे, स्वीडनचा."

"कुठला का असंना. समोर नको."

रात्री जेवणं झाल्यावर तिने सांगितलं. १९८० च्या आसपास ते एका गिरणीच्या चाळीत राहायचे. दोन खोल्या सोडून एक नवी सून आली होती. वर्ष झालं नव्हतं लग्नाला. आज्जीकडून ती काकडा उसना न्यायची, रेशनच्या रांगेत दोघी एकत्र. एके दिवशी संध्याकाळी आरडाओरडा झाला. पोरगी गेली. पेपरात दोन ओळी आल्या, स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.

"मी गेले होते आत," आज्जी म्हणाली. "स्टोव्हला हात लावला. गार. काकडा खिळ्याला टांगलेला होता, कोरडा. काकडा न लावता स्टोव्ह पेटतो व्हय रे?"

"मग तू सांगितलं नाहीस?"

"कुणाला? विचारलं कुणी? चाळीतल्या सगळ्या बायांना कळलं होतं."

मी दिवसभर जे करत होतो, अक्षर बघ, बर्नर बघ, भाग मूळचे आहेत का बघ, ते आज्जीने त्या दिवशी एका स्पर्शात केलं होतं. स्टोव्हची तिच्याइतकी जाणकार मला कुठल्या संग्राहकात दिसली नाही. पण तिची साक्ष कोणी लिहून घेतली नाही.

मगाशी म्हटलं होतं, भडक्याचं वाक्य लक्षात ठेवा. स्टोव्ह खरंच भडकायचा. बर्नर नीट न तापवता पंप मारला, पेटत्या स्टोव्हमध्ये रॉकेल भरायला गेलं, निप्पलमध्ये कचरा अडकला, वायसर खराब झाला. त्यात नायलॉनच्या साड्या आल्या, त्या वितळून अंगाला चिकटायच्या. कितीतरी अपघात खरे होते. आणि खरे अपघात इतके होते म्हणूनच खोटा अपघात सहज खपायचा.

त्याच सुमारास देशभर बायका हे बोलायला लागल्या होत्या. १९७९ साली दिल्लीत सत्याराणी चढ्ढा यांची मुलगी लग्नानंतर वर्षभरात जळून गेली. त्यांनी पुढची कितीतरी वर्षं कोर्टात काढली आणि दुसऱ्यांच्या मुलींसाठीही त्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे स्त्री मुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांनी लिहिलेलं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ मध्ये आलं आणि गावोगाव गेलं. त्याच वर्षी भारतीय दंड संहितेत कलम ४९८ अ आलं, सासरच्या छळाबद्दल. १९८६ मध्ये ३०४ ब आलं, हुंडाबळीचं. त्यात काय आहे बघा: लग्नानंतर सात वर्षांच्या आत बाईचा मृत्यू भाजून किंवा इतर अनैसर्गिक कारणाने झाला आणि त्याआधी हुंड्यासाठी तिचा छळ झाल्याचं दिसलं, तर तो हुंडाबळी धरायचा. पुराव्याच्या कायद्यातही बदल झाला. त्या छळाचा पुरावा समोर आला की पुढची जबाबदारी आरोपीवर: आपला हात नव्हता हे त्याने दाखवायचं. 'स्टोव्ह भडकला' एवढं म्हणून सुटका व्हायचे दिवस निदान कागदावर तरी संपले. आता नव्या न्याय संहितेत हीच कलमं ८५ आणि ८० या क्रमांकांनी आहेत.

चाळीतल्या त्या मुलीसाठी हे काही वर्षं उशिरा आलं.

कार्ड

मी स्टोव्ह हॉलमधून काढला. विकला नाही. माझ्या खोलीत पुस्तकांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवलाय. संग्रहालयात असतं तसं शेजारी एक कार्ड ठेवलंय. आधी त्यावर लिहिलं होतं: प्रायमस, स्टॉकहोम, १९१४, पितळ, बर्नर नंतरचा, एक पाय वाकलेला.

आज्जीने ते चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "काकड्याचं लिहिलं नाहीस."

मग खाली तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत लिहिलं. हा स्टोव्ह तो नव्हे, हेही लिहिलं. नाव तिने घालू दिलं नाही. ती म्हणाली, त्या पोरीची बहीण अजून आहे गावात.

तुमच्याकडून एकच हवंय. या रविवारी माळ्यावर बघा. स्टोव्ह सापडला तर मोडीत द्यायच्या आधी चुंबक लावा, बुडाचा फोटो काढा, नाव कोरलंय का बघा. नंतर तो ठेवायचा की द्यायचा ते तुम्ही ठरवा, प्रत्येकाच्या फ्लॅटमध्ये जागा असतेच असं नाही. पण त्याआधी जिने तो रोज पेटवला ती घरात असेल, तर तिच्या पुढ्यात ठेवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून विचारा. ती आधी म्हणेल, "त्यात काय सांगायचं?" थोडं थांबा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, पेटवू नका!